पेटीत नसलेला सूर

१

बुवापाड्यातल्या मैत्री हॉलचं कुलूप शनिवारी संध्याकाळी पाच वाजता उघडलं, तेव्हा स्टेजवर टेबल होतं, टेबलावर जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, त्याच्यावर चादरही नीट झाकलेली होती. फक्त टेप नव्हती.

"आई गं!" भावना एवढंच म्हणाली आणि पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर मटकन बसली.

भावना अंबरनाथच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. कामगारांनी रविवारच्या सुट्टीत स्वतः विटा वाहून बांधलेल्या या हॉलला २००६ साली चाळीस वर्षं होत होती. हॉलचा इतिहास लिहायचं काम कमिटीनं तिच्या गळ्यात मारलं, आणि तिनं ते इतक्या हौसेनं केलं की कमिटीलाच धाप लागली. इथं भीमगीतांचे जलसे झाले, कव्वालीचे मुकाबले झाले, पुढं ऑर्केस्ट्रा आले, मग लग्नं, मग डीजे. सगळं तिनं वहीत उतरवलं. आणि परवा माळ्यावरच्या पेटाऱ्यात तिला ते रीळ सापडलं. त्यावर जुन्या शाईनं लिहिलं होतं: 'मुकाबला, १४ एप्रिल १९७३.'

नेमकी त्याच क्षणी सुंदराबाई दारातून आत आली. बासष्ट वर्षांची, अंगानं बारीक, पण पाठ अजून ताठ. ती बदलापूरला कुळगावात राहायची. तिला स्टेशनवरून घेऊन आलेला चंदर तिची पिशवी धरून मागं उभा होता. तिच्या पार्टीत त्यानं आठ वर्षं ढोलकी वाजवली होती.

"लावा की टेप," सुंदराबाई म्हणाली. "तेहतीस वर्षं थांबले. आता पाच मिनिटंसुद्धा थांबवत नाही."

धोंडिबा पुढं झाला. "बाई, बसा जरा. टेप जागेवर नाही."

ती बसली नाही. हॉलच्या भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळ्याकडं तिनं एकदा पाहिलं. १९७३ पुढं लिहिलं होतं: बबन आणि पार्टी. मग ती म्हणाली, "कुणी नेली?"

२

धोंडिबा हा काही पोलीस नव्हे. तो पेटी दुरुस्त करणारा. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका जिन्याखाली त्याचं दुकान. पण चाळीस वर्षांत अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तिन्ही गावांतल्या वाजणाऱ्या प्रत्येक जागेत तो शिरलेला होता. जलशाचे मांडव, सिंधी दरबार, भजनी मंडळं, लग्नाचे हॉल, आणि मागच्या वर्षी बंद झालेले डान्स बारसुद्धा. बारमध्ये तो मागच्या दारानं जायचा, पेटी नाहीतर कीबोर्ड काखोटीला मारायचा आणि मागच्याच दारानं यायचा. बायकोला मात्र दर वेळी सांगायचा, भजनाला गेलो होतो. ती बिचारी विश्वास ठेवायची, असं त्याला वाटायचं.

त्याचा स्वभाव असा की पेटीची एक पट्टी किंचित जरी बेसूर बोलली तरी त्याला जेवण जात नसे. आज तसंच झालं होतं.

सुंदराबाईचं दुखणं त्याला ठाऊक होतं. मुकाबल्याचा नियम साधा होता: ज्याचा सूर आधी तुटेल तो हरला. १९७३ ला शेवटची फेरी रंगात आली असताना सुंदराबाईच्या ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, फुटली, हॉलमध्ये एकच गोंधळ झाला, लोक खुर्च्यांवर चढले. पंचांनी निकाल दिला, बाई थांबली, बबन जिंकला. सुंदराबाई तेव्हापासून सांगत होती की मी थांबले नव्हते, कडवं पुरं केलं होतं, तुमच्या आरडाओरड्यात तुम्हाला ऐकू आलं नाही. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. हरलेला गवई आणि चुकलेला गवंडी, दोघांकडं कारणं तयार असतात म्हणे. तिच्याजवळची जुनी कात्रणं, फोटो सगळं गेल्या जुलैच्या पुरात गेलं. उरलं होतं ते हे एक रीळ. त्या वेळी रेकॉर्डर थेट माइकच्या वायरीला जोडलेला असायचा. म्हणजे लोकांना ऐकू आलं नसलं तरी टेपला आलेलं असणार.

उद्या सकाळी दहाला कार्यक्रम होता. नवा फळा लागणार होता. पेंटर आज सात वाजता नावं लिहायला येणार होता, आणि एकदा लिहिलेलं नाव पुढची चाळीस वर्षं तरी कोण पुसणार होतं?

धोंडिबानं सकाळ आठवली. साडेअकराला उल्हासनगरच्या टेकचंदनं स्कूटरवरून मशीन आणलं. टेकचंदचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि असलं जुनं मशीन चालू करणारा पंचक्रोशीत तो एकटाच. रीळ लावलं. निवेदकाची घोषणा झाली, पेटी वाजली आणि सुंदराबाईनं आलाप घेतला.

"किती कोवळा आवाज!" भावनाचे डोळे भरून आले होते.

धोंडिबाच्या मांडीवर हॉलची पेटी होती, उद्यासाठी नुकतीच सुरात लावलेली. सवयीनं त्यानं आलापाचा सूर पेटीवर शोधला. बाई काळी चारमध्ये गायची हे त्याला पक्कं ठाऊक. काळी चार दाबली, तर टेपमधला आवाज तिच्या वर. पुढची पांढरी सहा दाबली, तर तिच्या खाली. त्यानं तीनदा करून पाहिलं आणि चिडून पेटी बंद केली. तेवढ्यात बारा वाजले आणि लोडशेडिंगनं लाईट गेली. तीनला येणार होती. सगळं एकदम ऐकू, बाईंसमोरच ऐकू, पाचला जमू, असं ठरलं. चंदर तेव्हा दाराशीच उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही.

लाईट नव्हती तोवर रंगाऱ्यांनी स्टेजवरच्या छताला चुन्याचा शेवटचा हात मारला आणि अडीचला ते गेले. किल्ली शेजारच्या वाचनालयाच्या फळ्यामागच्या खिळ्याला. ती तिथं असते हे बुवापाड्यातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

३

"कुणी वर चढू नका," धोंडिबा म्हणाला. पण चादर उचलायला गेलेला कमिटीचा सेक्रेटरी राजरत्न बुटांसकट स्टेजच्या मधोमध उभा होता. राजरत्न हा बबनचा मुलगा. बबन वारला त्याला सहा वर्षं झाली होती. त्याचा फोटो आणि त्याचं नाव दोन्ही याच भिंतीवर होतं.

धोंडिबानं डाव्या बाजूच्या पायऱ्या पाहिल्या. चुन्याची पूड सगळीकडं पातळ पसरली होती. पायऱ्यांकडं चपलांचे ठसे गेले होते, पण ते पहिल्या पायरीपाशीच संपत होते. तिथून वर पाचही बोटं स्पष्ट. अनवाणी पाय टेबलापर्यंत गेले होते, तिथून मागच्या भिंतीकडं, आणि परत.

"चोरच तो," राजरत्न म्हणाला. "आवाज होऊ नये म्हणून चपला काढल्या असणार."

"भरदुपारी, रिकाम्या हॉलात, कुणाला आवाज जायचाय?" धोंडिबा म्हणाला आणि स्वतःच्या चपला खाली काढून वर चढला.

मशीनवर डावीकडं पेटाऱ्यात सापडलेल्या त्या रिळाची चकती होती. जुन्या शाईचा कागद तिच्यावर तसाच होता, पण चकती रिकामी. उजवीकडची चकती गायब होती. धोंडिबानं टेकचंदला हाक मारली.

टेकचंद चष्मा कपाळावर ढकलत आला. गळ्यात मफलर, खिशात पेचकस. "देखो दादा, टेप डावीकडून उजवीकडं जाते. सकाळी आपण पाच मिनिटं ऐकली, मग लाईट गेली. तेव्हा थोडी टेप इधर, जास्त उधर. चोरायची असली तर दोन्ही चकत्या न्यायला लागतील. बरोबर?"

"आणि इथं सगळी टेप उजवीकडं गेली. म्हणजे शेवटपर्यंत चालवली."

"पूरी. पैंतालीस मिनट. पळवता पण येत नाही, फॉरवर्डचं बटन तुटलेलं आहे."

"तुम्ही दुपारी कुठं होता, टेकचंदभाई?"

टेकचंद दुखावला. "दुकानात. पण सांगतो, मला शौक आहे जुन्या टेपचा. माझ्याकडं सौ-देडसौ पडल्यात. कल्याणचा एक आदमी तर रोज मागं लागतो. पण साईं, मी नेली असती तर आधी रिवाइंड केली असती. उलटी टेप घेऊन कोण जातो? हे ज्याला मशीनमधलं काही कळत नाही त्याचं काम."

"आणि मशीन बरोबर चालतंय ना?"

"नवा बेल्ट टाकलाय. थोडासा तेज चलता है. सामान्य माणसाला कळत नाही."

धोंडिबाला वाटलं, आपण सामान्य माणूस आहोत की नाही हे सकाळी ठरायला हवं होतं. पण तेवढ्यात राजरत्न तावातावानं खाली उतरला.

"काका, सरळ विचारा ना, तू घेतली का म्हणून! सगळ्यांच्या मनात तेच आहे."

"घेतलीस का?"

"नाही. पण खोटं कशाला बोलू, सापडली नसती तर बरं झालं असतं. अण्णांचं नाव आहे तिथं. लहानपणी शाळेतून येताना मी मुद्दाम इथून यायचो, फळा बघायला. आता ते पुसायचं? कशासाठी?"

"दुपारी कुठं होतास?"

"घरी झोपलो होतो. सकाळची शिफ्ट करून आलो. साक्षीदार म्हणाल तर उशी."

धोंडिबाला हसू आलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असा हा पोरगा. पण खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या तोंडानं एवढं कारण देत नाही. शिवाय चोरायला आलेला राजरत्न पंचेचाळीस मिनिटं टेप ऐकत कशाला बसेल? तो आला असता तर दोन्ही चकत्या काखेत मारून पळाला असता. आणि बूट? बूट तर त्यानं सगळ्यांसमोरसुद्धा काढले नाहीत.

चंदर खिडकीशी उभा होता. उल्हासनगरच्या एका बारमध्ये ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवायचा. बार बंद झाले तसा तोही बंद झाला.

"चंदर, तू रे?"

"मी काय धोंडिबाशेठ, घरीच. सव्वाचारला निघालो, स्टेशनला. बाईंची गाडी यायची होती." तो बाहेर बघूनच बोलत होता. "माझा काय संबंध आता वाजवण्याशी? बार बंद झाला त्या दिवशी ढोलकी माळ्यावर टाकली. त्यानंतर चामड्याला हात लावला असेल तर शपथ."

४

भावनानं सगळ्यांसाठी चहा मागवला. सुंदराबाईनं घेतला नाही. "सात वाजता पेंटर येईल ना? मग मी बसते सातपर्यंत," ती म्हणाली आणि पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तिच्याकडं बघवत नव्हतं.

"काका, काहीतरी करा," भावना हळूच म्हणाली. "पुरावा नसताना मी नाव बदला म्हटलं तर कमिटी मला उभी करणार नाही. आणि त्यांचंही चूक नाही. इतिहास लिहिणारीनंच ऐकीव लिहायचं?"

धोंडिबा पुन्हा स्टेजवर गेला. अनवाणी पावलं मागच्या भिंतीकडं का गेली होती? तिथं टेप नव्हती, पैसा नव्हता, दारही नव्हतं. तिथं खुंटीला हॉलची ढोलकी टांगलेली होती, एवढंच.

ही ढोलकी त्यानंच काल टांगली होती. वाजवायची नसेल तेव्हा दोरीतल्या कड्या खाली सरकवून पुडी सैल करायची, म्हणजे चामडं ताणून फाटत नाही. काल त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्या कड्या उतरवल्या होत्या. काल टिचकी मारली तर ओल्या पापडासारखा आवाज आला होता. उद्या वाजवणारा येईल तो आपल्या सुराला लावून घेईल, असा हिशेब.

धोंडिबानं हात लांब करून काळी शाई लावलेल्या पुडीवर बोट मारलं.

ढोलकी टणकन बोलली.

सगळ्या कड्या वर ओढलेल्या होत्या. कुणीतरी आज दुपारी ही ढोलकी उतरवून, एकेक कडी चढवून, पूर्ण सुरात लावली होती. धोंडिबा तिथंच खाली बसला. पेटी जवळ ओढली. उद्या सुंदराबाई वयानुसार खालच्या पट्टीत, पांढरी चारमध्ये गाणार होती. त्यानं पांढरी चार दाबली. ढोलकी त्यात नव्हती, खूप वर होती. काळी चार दाबली. ढोलकी जरा वर. पांढरी सहा दाबली. जरा खाली.

पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

माणूस ढोलकी लावतो ती पेटीवर लावतो. पेटीत जो सूर आहे त्यातच लावतो. ही ढोलकी ज्या सुरात होती तो सूर कुठल्याच पेटीत नव्हता. पण आज एका जागी तो होता. सकाळी धोंडिबानं तो तीनदा शोधला होता आणि सापडत नाही म्हणून स्वतःच्या पेटीवर रागावला होता. टेकचंदचं मशीन थोडं तेज चालत होतं, आणि टेप तेज फिरली की सूर चढतो. बाईचा आवाज कोवळा वाटला तो त्यामुळं, आणि दोन पट्ट्यांच्या मधे पडला तोही त्यामुळं.

म्हणजे चोरानं टेप लावली, मग ढोलकी खाली काढली, टेपमधल्या बाईच्या आवाजाला ती जुळवली, आणि...

"अरे देवा," धोंडिबा पुटपुटला. "हा वाजवत बसला होता."

५

चंदरचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत. चहाचा कप तसाच ठेवून तो घरी निघून आला होता. धोंडिबा आत गेला तेव्हा तो चुलीच्या ओट्याशी उभा होता, हात मागं बांधून.

"बसा ना."

"बसत नाही, वेळ नाही. सव्वासहा झाले." धोंडिबानं आवाज चढवला नाही. त्याला चढवताही आला नसता. "चंदर, स्टेजवर जो चढला त्यानं चपला खाली काढल्या. कमिटीवाले बूट घालून चढतात. टेकचंद चपला घालून चढतो. भावना बिचारी पदर सावरत चपलांसकट चढते. चपला काढून चढतो तो त्या फळीवर बसून वाजवलेला माणूस. चोरी करायला गेला तरी त्याचे पाय ऐकत नाहीत."

चंदर ओट्यावरचं सांडलेलं पीठ बोटानं गोळा करू लागला.

"असे आपण तिघंच. मी, बाई आणि तू. बाई तीनला बदलापुरात होती. आणि मला कडी ओढता येते, पण टेपच्या नुसत्या आवाजावर पुडी अशी बिनचूक लावायला जन्म जावा लागतो. तुझा गेलाय."

चंदर हळूच खाली बसला. मग त्यानं पिठाच्या डब्याकडं बोट केलं.

धोंडिबानं झाकण उघडलं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली चकती पिठावर ठेवलेली होती.

"जाळायलाच नेली होती," चंदर म्हणाला. "काडीपेटीपण काढली. मग तिचा आवाज आहे त्यात असं वाटलं. कसा जाळू?"

"आहे काय टेपमध्ये?"

"मी." त्यानं तोंड पुसलं. "पुडी फुटलीच नव्हती, धोंडिबाशेठ. मी हात थांबवला."

धोंडिबाला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "मुद्दाम?"

"पुढच्या रांगेत मुंबईचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस बसला होता. जिंकेल त्याला घेऊन जाणार होता. एकट्याला. वाजवणारे त्यांचे स्वतःचे होते. बाई जिंकत होती, मला वाजवताना कळत होतं. पुढच्या चार ओळी झाल्या की ती गेली. आणि मी? तुम्हाला वाटेल प्रेमबिम. तसलं नव्हतं हो. तिच्या मागं बसलो की मी कुणीतरी असायचो. कारखान्यात मी हमाल, घरी मी सहा भावंडांचा थोरला. तिच्या मागं मी चंदर ढोलकीवाला. हात थांबला. आणि एकदा थांबला तो पुन्हा पडलाच नाही. मग घाबरून ओरडलो, पुडी फुटली! लोक उठले. आणि ती... ती थांबलीच नाही. बिनढोलकीची गात राहिली. तिचं कडवं संपल्यावर मी अंगठ्यानं पुडी फाडली. माइक जवळच होता. टेपमध्ये ऐकू येतं. गाणं संपतं, आणि मग फाटल्याचा आवाज येतो."

"आणि आज ढोलकी कशाला काढलीस?"

"तेव्हा सोडलेल्या चार ओळी वाजवल्या," चंदर म्हणाला आणि त्याला रडू आवरेना. "एकदाच."

धोंडिबानं चकती त्याच्या हातात दिली. त्याला चंदरचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता. पण त्याचबरोबर कणवही आली, आणि त्या दोन्हींचं काय करावं हे त्याला कळेना.

"ऐक. मी तोंड बंद ठेवलं तर फळ्यावर बबन. बाई उद्या त्या फळ्याखाली बसून गाणार आणि परत कुळगावला जाणार. मी तोंड उघडलं तर तू पकडलेला चोर. तिसरं एक आहे. पेंटर यायला अर्धा तास आहे."

"बाई मला..."

"काय करेल ते करेल. तेहतीस वर्षं ती ज्याच्यावर चिडायची तो माणूस तिला कळलेला नाही. निदान तो कळू दे."

६

टेकचंदनं टेप उलटी फिरवून पुन्हा लावली. पेंटर ब्रश आणि डबा घेऊन दाराशी थांबला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही, तरी तोही ऐकत उभा राहिला.

चंदर सुंदराबाईसमोर उभा होता. हॉलमध्ये शिरताच त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, टेप मी नेली आणि का नेली ते बाईंनी ऐकावं.

बबनचा आवाज आला, भरदार, हसरा. राजरत्ननं मान खाली घातली. मग सुंदराबाईचा आवाज, तिच्या खाली ढोलकी घोड्यासारखी पळत होती. आणि एकदम ढोलकी नाही. जवळच एक तरणा आवाज ओरडला, पुडी फुटली! लोकांचा कल्ला उसळला, खुर्च्या सरकल्या, शिट्ट्या झाल्या. आणि त्या सगळ्याच्या मधून, माइकच्या अगदी जवळ, एक बाई गात होती. आधाराला काही नसताना, लय न सोडता, चारही ओळी. शेवटचा शब्द तिनं लांबवला, खाली आणून ठेवला आणि मगच श्वास घेतला.

त्यानंतर कोरडा, बारीक, कातडं फाटल्याचा आवाज आला.

टेकचंदनं मशीन बंद केलं. धोंडिबानं चंदरकडं पाहिलं नाही.

पहिला बोलला राजरत्न. "थांबल्या नव्हत्या," तो म्हणाला. "अण्णा आजारी असताना दोनदा म्हणाले होते, बाई थांबली नव्हती रे. मला वाटलं, तापात बोलतायत." तो पेंटरकडं वळला. "त्र्याहत्तरला सुंदराबाई आणि पार्टी लिहा. मोठ्या अक्षरात. बबन नको."

भावना तिच्या वहीत काही लिहायला गेली आणि तिला दिसेना, म्हणून तिनं पेन बंद केलं.

सुंदराबाई मात्र फळ्याकडं बघतच नव्हती. ती चंदरकडं बघत होती.

"मी त्या पुडीला शिव्या घालत आले," ती म्हणाली. "ती शिवणाऱ्याला, ती आणणाऱ्याला. ज्या दुकानातून आणली त्या दुकानासमोरून तेहतीस वर्षं गेले नाही मी. लांबचा रस्ता धरायचे. आणि तू दर वर्षी जयंतीला माझ्या घरी येऊन जेवून जायचास."

"हो बाई."

"पोरीच्या लग्नात तू नाचलास."

"हो."

"मी तुला म्हणायचे, चंदर, तू होतास म्हणून मी गायले." ती खुर्चीतून उठली. "कसं रे ऐकून घेतलंस?"

चंदरनं तिच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला. ती मागं सरकली. "नको. पायाबियाला नको."

बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. पेंटरनं डब्याचं झाकण उघडलं आणि तारपिनचा वास हॉलभर पसरला. धोंडिबाला वाटलं, आता ही पिशवी उचलेल आणि बदलापूरची पुढची गाडी पकडेल. त्यानं पिशवी उचलून द्यायची तयारीही केली.

सुंदराबाईनं पदरानं चेहरा पुसला. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज कामाचा होता. "उद्या दहाला कार्यक्रम आहे. साडेनऊला ये. आता माझा दम पूर्वीसारखा पुरत नाही, तर लय धिमी ठेवायची. आणि ढोलकी पांढरी चारमध्ये लाव."

चंदर तोंडाकडं बघत राहिला. "बाई, मला माफ..."

"माफ केलं असं मी म्हटलं नाही," सुंदराबाई म्हणाली. "ये म्हटलं."